कोंबडीच्या चोचीतला धूर

मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता कोंबडीच्या चोचीतून धूर निघाला.

कोंबडी लाकडाची होती. साडेसहा फूट लांब, पंखांखाली नऊ पिल्लं. तेशी गावाच्या किनारी रस्त्यावर, सगळे ज्यांना मानाने आताआ म्हणतात त्या लारिये यांच्या कारखान्यात शवपेट्या अशाच बनतात. कोळ्याला मासा, चांभाराला बूट आणि भरल्या घरच्या आईला कोंबडी. ही कोंबडी नुकत्याच वारलेल्या कोर्कोई आजींची, सगळ्यांच्या आवोंची होती. शनिवारी त्या तिच्यात झोपून शेवटच्या प्रवासाला निघणार होत्या.

पाच मिनिटांत रस्ता भरला.

"म्हातारीला शनिवारपर्यंतही दम नाही!"

"पाइप ओढायची ना ती. सवय जाते का?"

हसू लवकर विरलं, कारण दोन महिन्यांतली ही तिसरी आग होती. आधी एक बूट जळून राख झाला, मग कोकोच्या शेंगेचं बूड करपलं. आसपास काडी नाही, मेणबत्ती नाही, विजेची तार नाही. बंद पेटी आपोआप पेटायची.

तेवढ्यात कर्णा वाजला आणि स्वतःला प्रेषित म्हणवणारा ओबादिया आला. पांढरा सॅटिनचा झगा, काळा चष्मा, मागे पाण्याच्या पाकिटांची गोणी वाहणारा चेला. पाकिटांवरचं नाव काळ्या शाईने खोडलेलं होतं.

"हे जॉर्डन नदीचं पाणी!" कर्णा गरजला. "विमानाने आलंय! खिडकीजवळच्या सीटवर बसून आलंय!"

त्याने चार पाकिटं दातांनी फोडली आणि कोंबडीच्या पोटात रिकामी केली. चर्र आवाज झाला, धूर थांबला. बायका ओरडल्या, कुणीतरी नाचलं.

"आता सांगा," ओबादियाने आवाज खाली आणला, "या लाकडाला शेवटचा हात कुणाचा लागला?"

सगळ्या माना आजेलीकडे वळल्या.

आजेली बावीस वर्षं या कारखान्यात लाकडाला जवसाचं तेल चोळत आणि रंग देत होती. तिने मनातल्या मनात हिशेब केला. बूट तिने चोळला होता, शेंग तिने चोळली होती आणि आज सकाळी कोंबडीही तिनेच. खोटं काय बोलणार?

"हिच्या बोटांत आग आहे!" ओबादिया म्हणाला. "ही इथे आहे तोवर मेलेल्यांना शांती नाही!"

आवोंचा पुतण्या ओदार्ते पुढे झाला. "आताआ, ही बाई राहणार असेल तर आमची आवो तुमच्या कोंबडीत जाणार नाही."

लारिये आताआंनी टोपी काढली, परत घातली. "उद्या दुपारी प्रेषित शुद्धी करतील. मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ आजेलीला कळला. बावीस वर्षांत त्यांनी ते शब्द तीन माणसांना ऐकवले होते आणि तिघंही आठवड्याभरात कामावरून गेले होते.

तरी बुधवारी ती सहाला आली. करपलेलं पोट तासायचं होतं, नव्या फळ्यांना तेल चोळायचं होतं. चोळताना ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. नऊ वाजता तिने नेहमीसारख्या तेलकट चिंध्या आणि भुसा कोंबडीच्या पोटात, आडव्या फळीखालच्या पोकळीत कोंबला आणि झाकण लावलं.

दोनच्या सुमाराला सोवा मास्तर आले. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःचीच शवपेटी सांगायला आला होता.

"मला चंबू हवा," ते म्हणाले. "खाली रुंद, वर निमुळता. डोकं मानेकडे. पण खांदे मावायला हवेत. या कोंबडीत जरा पडून बघू का?"

"पडा की," आजेली म्हणाली. तिच्या हातात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेली मासळी होती. "झाकण ओढून घ्या, म्हणजे नीट अंदाज येईल."

जेवण आटोपून ती परातीत हात धुते न धुते तोच कोंबडीतून आवाज आला, "आजेली, तुमच्याकडे पेट्या गरम करून देतात का?"

ती उत्तर देणार इतक्यात फाटकाशी कर्णा कडाडला. ओबादिया, ओदार्ते आणि अर्धी तेशी आत शिरली.

"आवो कोर्कोई!" ओबादिया कोंबडीसमोर हात पसरून ओरडला. "ऊठ! बोल! तुला कुणी छळलं?"

झाकण उघडलं. सोवा मास्तर उठून बसले.

"छळ नंतर बघू," ते म्हणाले. "आधी माझ्या पाठीखाली काय आहे ते सांगा."

पुढच्या काही क्षणांत कारखान्यात फक्त चपला उरल्या. कुंपणावरून पहिली उडी ओबादियाची होती. कर्णा जमिनीवर पडून एकटाच शिट्टी मारत राहिला.

माणसं एकेकटी परतली, चपला घ्यायला आलो म्हणत. तोवर मास्तरांनी फळी उचलून चिंध्यांचा बोळा पकडीने बाहेर काढला होता.

"हात लावा."

लारिये आताआंनी लावला आणि झटकला. "आई गं! हे तापवलं कुणी?"

"कुणीच नाही. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होतं. ओढताना तापतं. चिंधी पसरलेली असेल तर ऊब वाऱ्यावर जाते. बोळा करून बंद पेटीत कोंबली तर ऊब कुठे जाणार? वाढत जाते, शेवटी चिंधी स्वतःच पेटते."

"मास्तर, तेल काय आजचं आहे?" आताआ चिडले. "बावीस वर्षं कशी नाही लागली आग?"

उत्तर आजेलीने दिलं, आणि देता देता तिचा आवाज चढत गेला.

"बावीस वर्षं मी चिंध्या कुंपणावर वाळत घालायचे, आताआ. दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच म्हणालात, घरची माणसं पेटीबरोबर फोटो काढतात, मागे चिंध्या दिसतात, कुंपण साफ कर, सगळं पेटीच्या पोटात टाक. बूट त्याच आठवड्यात जळला!"

तिने तेलाचा डबा ओढला आणि त्यावरचे वाळलेले रंगाचे ओघळ पटाशीने खरवडले. खाली छापलेलं होतं: वापरलेल्या चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आपोआप पेट घेतात.

"कागदी विद्या!" ओबादिया कुंपणापलीकडून म्हणाला. "काल माझ्या पाण्यानेच आग विझली!"

"मग दोन डबे घेऊ," आजेली म्हणाली. "चिंध्या दोन्हींत सारख्या. एकावर तुम्ही प्रार्थना करा, पाण्याशिवाय. दुसऱ्यात मी पाणी ओतते, प्रार्थनेशिवाय."

"पाणी म्हणजे कृपेचं वाहन आहे, बाई."

"कृपा काल विमानाने आली ना? आज तिला दोन पावलं चालू दे."

लोक हसले आणि ओबादियाला आत यावंच लागलं. पत्र्याचे दोन डबे उघड्या अंगणात, लाकडापासून लांब ठेवले आणि तापलेल्या बोळ्यातल्या चिंध्या दोन्हींत निम्म्या निम्म्या कोंबल्या. आजेलीने आपल्या डब्यात हात धुतलेल्या परातीतलं थोडं पाणी ओतलं. परातीत मिरचीच्या शितो चटणीचा तवंग होता आणि मासळीचा एक काटा. ओबादिया आपल्या डब्यावर वाकून प्रार्थना करू लागला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आवाज बसला, चष्मा घामाने घसरला. पाऊण तासाने डब्यातून धुराची रेघ निघाली.

"सैतान पळतोय!" तो आणखी वाकून ओरडला. तेवढ्यात भडका उडाला आणि सॅटिनच्या बाहीला झळ लागली. "पाणी! पाणी!"

आजेलीने परातीतलं पाणी त्याच्यावर फेकलं. बाही विझली. मासळीचा काटा त्याच्या खांद्यावर राहिला. चेल्याने दुसऱ्या परातीने डबाही विझवला. आजेलीच्या डब्यातल्या चिंध्या थंडगार होत्या.

"आणि जॉर्डन वगैरे काही नाही हं," कोपऱ्यावरची पाणीवाली मागून म्हणाली. "सकाळी दोन गोण्या माझ्याकडूनच नेल्यात. शाईसुद्धा माझ्याच दारात बसून लावली."

ओबादिया गेला. या वेळी फाटकातून, चेल्याच्या पुढे.

ओदार्तेने बराच वेळ पायाने भुसा सारखा केला. "आजेली, शनिवारी आवो याच कोंबडीत जाईल. तुरा लाल कर, तिला आवडायचा."

"आणि तू कुठेही जायचं नाहीस," लारिये आताआ म्हणाले. "झाकणाचा डबा आजच आणतो."

गर्दी पांगेल असं वाटलं, पण एक बाई रिकामी बाटली घेऊन परातीशी आली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी चार.

"आजेली, तळाशी उरलंय ते थोडं दे ना," पहिली हळूच म्हणाली. "जावयाच्या गुडघ्याला. तुझ्या हातांत काहीतरी आहे गं."

आजेलीने परात उचलली आणि तळाचं सगळं पाणी गटारात ओतलं.

"हे माझं खरकटं पाणी होतं, मावशी. नळाच्या पाण्यानेही चिंधी इतकीच थंड होते. गुडघ्याला डॉक्टर बघा. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकण लावा. डब्यावर काय लिहिलंय ते उघडण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि पुन्हा कुठे आपोआप आग लागली, तर कुणाच्या बोटांनी लागली हे विचारायच्या आधी खालची फळी उचलून बघा."