तळ्याकाठचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे; पण माझं आयुष्य पाढ्यांतच संपलं असं समजू नका! होड्या बांधणाऱ्या एका सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं. शाळेत मी खूप वर्षं राबलो. तिथे नवा फळा आला, तशी माझी रवानगी तळ्याकाठच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत झाली. माझ्यावर ओली जाळी वाळत पडू लागली. कुणी ढुंकूनही बघत नसे.

पुढे तळ्यातले मासे रोडावले. ऐन अंडी घालायच्या दिवसांत पाणी बागांना सोडलं जाई आणि उथळ काठ उघडा पडे. सोसायटीची प्रमुख एक मासेवाली ताई होती, तर बागवाल्यांचा पुढारी तिचाच सख्खा धाकटा भाऊ. दोघांनी अबोला धरला. त्यांची म्हातारी आई दोन्ही घरी जेवायची आणि दोन्ही घरी गप्प बसायची.

एके दिवशी पाणी खात्याच्या नव्या बाईंनी सगळ्यांना आमच्या खोलीत बोलावलं.

“बागांना पाणी सोडायचा तळ्याचा दरवाजा कायमचा बंद करा!” ताई कडाडली.

“म्हणजे माझी झाडं जाळा!” भाऊ उसळला.

बाईंनी माझ्यावरची जाळी बाजूला केली आणि खडू उचलला. “उपाय नंतर. आधी काय काय वाचवायला हवं, ते सांगा.”

मासे. झाडं. प्यायचं पाणी. एकाखाली एक शब्द उतरले. मग आई म्हणाली, “या दोघांचं बोलणंही लिही गं.” सगळे हसले. बाईंनी मात्र ते गंभीरपणे लिहिलं.

मग वरच्या ओळीत एकेक उपाय मांडून त्यांनी प्रत्येकाला विचारलं, यात काय तगेल, काय जाईल? ताईच्या उपायात झाडं गेली, भावाच्या उपायात मासे. बोलणं तर दोन्हीकडे गेलं! दोघांनी ते आपल्याच तोंडाने कबूल केलं.

माझ्यावरच्या ‘मासे’ या शब्दावर बोट टेकवून भाऊ म्हणाला, “अंडी घालायच्या दिवसांत आम्ही पाण्याची एक पाळी घेऊ, पुढची सोडून देऊ.”

ताईने श्वास सोडला. “मग तेवढे दिवस आमची जाळीही काठावर.”

“आणि फसलं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तर पुढच्या वर्षी पुसू, नव्याने मांडू,” बाई म्हणाल्या. “खडूची रेघ आहे, दगडावरची नव्हे.”

भावाची कडेची काही झाडं वाळली. त्याने दात आवळले, पण शब्द मोडला नाही. हंगाम उघडला आणि पहिलंच जाळं इतकं जड झालं, की ओढायला माणसं पुरेनात.

“अरे, बघत काय उभा राहिलास? हात लाव!” ताई भावावर ओरडली.

तो चपलांसकट पाण्यात धावला! काठावर आई टाळ्या पिटत होती. उघड्या दारातून मी सारं पाहिलं. माझा ऊर भरून आला.

आता दर हंगामाआधी सगळे माझ्यासमोर बसतात. शेजारच्या तळ्याची माणसंही परवा त्यांचं भांडण मांडायला मला सन्मानाने हातगाडीवरून घेऊन गेली होती.

मित्रांनो, तळं, रान, विहीर सगळ्यांचीच असते. भांडा खुशाल, पण आधी काय राखायचं ते एकत्र बसून मांडा. आणि कोपऱ्यात एखादा जुना फळा दिसला, तर त्याची धूळ तेवढी झटका. त्याच्या अंगावर अजून पुष्कळ जागा असते!