खिडकी कोणी खोडली?

आमच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतात दोघं: माझा नवरा आणि त्याची धाकटी बहीण. कॉम्प्युटर सांभाळते मी. बहीणभाऊ दोघंही गुणी, पण राग दोघांच्याही नाकावर.

एका नकाशात नणंदेनं स्वयंपाकघराला मोठी खिडकी काढली. दुपारी बघते तर तिथे भिंत. तिनं पुन्हा काढली, पुन्हा भिंत. "दादानं मुद्दाम खोडली," ती म्हणाली. "मी हातही लावला नाही," नवरा म्हणाला. झालं, बोलणं बंद. नणंदेनं बाजारात वेगळी खोली बघितली आणि सोमवारपासून तिकडे बसते म्हणाली. मला रडूच आलं. ती गेल्यावर मी काय दिवसभर नवऱ्याचं तोंड बघत बसायचं?

मग मी सर्व्हर तपासला, म्हणजे सगळ्यांच्या फाइली जिथे असतात तो कॉम्प्युटर. त्यात फाइल लॉकिंग बंद होतं. दोघं एकाच वेळी तीच फाइल उघडत आणि शेवटी जो सेव्ह करी, त्याचंच काम उरे. खिडकी कोणीच खोडली नव्हती. मी लॉकिंग चालू केलं. आता एकाकडे फाइल उघडी असली की दुसऱ्याला ती नुसती बघता येणार. दोघांना नीट समजावलंसुद्धा. पण आधी बोलायचं कोणी, इथे घोडं अडलं.

दुसऱ्या दिवशी नवीच आफत. नवरा सकाळी उघडलेली फाइल घरी जातानाच बंद करतो. नणंद तणतणत माझ्याकडे आली.

"वहिनी, दादाकडची फाइल सोडव. संध्याकाळी नकाशा द्यायचाय."

"माझ्या हातात काही नाही गं. त्यालाच सांग."

ती बराच वेळ त्याच्या दारात उभी राहिली. "दादा, फाइल सोड."

त्यानं मान वर केली नाही. पायानंच शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस. खिडकी कुठे हवी ते दाखव."

मग खिडकीच्या उंचीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मला इतका आनंद झाला की मी तिघांसाठी चहा टाकला. कप घेताना नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, त्या खोलीवाल्याला तूच नको म्हणून कळव. मला लाज वाटते."

मी लगेच फोन उचलला.

ते लॉक सोडवायला मला सर्व्हरवर एक क्लिक पुरलं असतं. हे त्या दोघांना अजून माहीत नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत कळायचंही नाही.