अंगठ्यांची सुतळी

बायको चांगुणा धाराशिवच्या दवाखान्यात काविळीनं गेली, हा निरोप कंडक्टरनं तेरला आणला, तेव्हा ज्ञानोबाच्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. एसटीपर्यंत तो लंगडतच गेला.

ह्याच अंगठ्यावरून ती त्याला छळायची. दूधसंघाच्या चेअरमनचा अंगठा सुजला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हा गाऊट, खात्यापित्या घरचा आजार. मग दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या ज्ञानोबाचाही सुजला.

"अवं चेअरमनसाहेब, बंगला कवा बांधताव?"

"गप गं. मुकादमाला कळलं तर कामावरून काढंल."

"समदेच आसं लपवाय लागले तर डॉक्टर आपल्याला कशाला गोळ्या देईल?"

म्हणून ती घरोघर विचारत फिरली. एक दुखरा अंगठा दिसला की डॉक्टरांना दाखवायच्या सुतळीला एक गाठ. चेअरमनच्या गल्लीत तीन निघाल्या, त्यांच्या वस्तीत चार.

"बघा, खातीपिती घरं आपल्यातच जास्त! तुमची मारू का वस्तीतली पाचवी?"

"माझी न्हाय मारायची," ज्ञानोबा म्हणाला होता.

तिनं मारली नाही. सुतळी आता त्याच्या खिशात असते. पाचवी गाठ मारायची आणि सुतळी डॉक्टरांना दाखवायची, दोन्ही अजून राहिलं आहे.