बिनआवाजाचा पंखा

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आदितीची नोकरी अजून पक्की नव्हती, आणि ती होऊ द्यायचीच नाही असा तिच्या कॉम्प्युटरनं विडा उचललेला. कंपनीनं दोन नमुने परत पाठवले. आवाज गोड आहे, पण मागं घरघर येते म्हणे. तिसरा आणि शेवटचा नमुना आज पाचच्या आत द्यायचा होता.

सकाळीच रफिक आला. शाहूपुरीत त्याचं रिपेअरीचं दुकान. आपल्याला बघूनच मशीन गुमान चालू होतं, असं तो स्वतःच सांगायचा. घरघर पॉवर सप्लायच्या पंख्याची निघाली. प्लग काढून त्यानं आधी निवांत चहा घेतला, कारण त्या डब्यात करंट साठून राहतो. मग जुना पंखा काढून मंद फिरणारा बसवला. तासभर हात लावून बघितलं. नुसतं कोमट, आणि आवाज औषधालासुद्धा नाही. गडी खुशीत गेला.

चारला आदितीचा फोन आला. निम्मं वाचून झालं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडला.

रफिक धापा टाकत जिना चढला आणि दारातच त्यानं कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरच्या डब्यावर खालपर्यंत भरतकामाचं कव्हर! या घरात फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलासुद्धा कव्हर, सगळी आदितीच्या सासूबाईंच्या, अंजनाकाकूंच्या हातची. हे मात्र नवं होतं. जुना पंखा कसाही वारा ओढायचा. हा आधीच मंद, त्यात नाकतोंड बांधलेलं. आपण हे विचारलं कसं नाही, याची रफिकला स्वतःचीच चीड आली.

"माझाच पंखा कमी पडला, वहिनी," तो म्हणाला.

"पंख्याचं काय न्हाय," काकू म्हणाल्या. "मीच झाकलं. आवाज आणि कमी यावा म्हणून. आठ दिस शिवत हुते."

आदितीला रडूच आलं. एकटीच बडबडत बसते म्हणणारी सासू ती हीच. रफिकनं कव्हर काढलं, तरी सप्लाय गार व्हायला साडेचार वाजले. कॉम्प्युटर सुरू झाला, पण आधीचं रेकॉर्डिंग गेलेलं. आता पहिल्यापासून वीस मिनिटं वाचायचं, आणि खिडकीच्या फुटक्या काचेतून संध्याकाळच्या रिक्षांचे हॉर्न यायला लागले होते.

तिनं कव्हर उचलून सासूच्या हातात दिलं. "आई, त्या काचेवर घट्ट धरा."

आदिती वाचत राहिली. रफिक भिंतीला टेकून श्वाससुद्धा जपून घेत होता. काकू खिडकीशी हात वर करून उभ्या होत्या.

फाईल गेली तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. काकू तशाच उभ्या होत्या. शेवटी आदितीनंच जाऊन त्यांचे हात खाली घेतले.