रिकाम्या हातानं

बेल वाजवली की आधी आतल्या टीव्हीचा आवाज कमी होतो. मग पडदा हलतो. मग कोणीतरी विचारतं, "कोण आहे?" आणि मी संस्थेचं नाव सांगितलं की टीव्हीचा आवाज पुन्हा वाढतो. वर्धेत चोराला एकवेळ दार उघडतील, पण देणगी मागणारीला उघडणार नाहीत, एवढं मला चार वर्षांत कळलं आहे. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या दारात मी उभी राहिले असते, तर मीही उघडलं नसतं.

मी अंकिता. देवळीहून रोज बसने वर्धेला येते आणि लोकांना देणग्या मागते. त्याचा मला पगार मिळतो. आमची संस्था खेड्यापाड्यांतल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलांना कानाच्या मशिनी देते. मशिनी खऱ्या आहेत आणि मुलंही खरी आहेत, केळझरच्या शिबिरात मी त्यांना माझ्या हाताने मशिनी लावल्या आहेत. लोकांना संशय असतो तो माझा. काऊन आली, किती खाते, मोबाइल एवढा चांगला कसा. रोज शंभर डोळ्यांनी तसं पाहिलं की माणूस स्वतःकडेही तसंच पाहायला लागतो.

आणि त्यात आमचे सुश्रुत सर. संस्थेचं देणग्यांचं काम तेच पाहतात, आणि माणूस कसा वाचायचा हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. दाराबाहेर चपला किती, भिंतीवरच्या फोटोला हार आहे का, बोलताना आवाज कुठे कापतो. घराबाहेर पडलं की पाच मिनिटांच्या आत भेटीची नोंद लिहायची आणि फोनवरच्या गटावर टाकायची, म्हणजे उद्या मी आजारी पडले तर माझ्याऐवजी टीममधला ताराचंद त्या घरी जाऊ शकतो. सरांचं आणखी एक आवडतं वाक्य आहे. "मोठी देणगी मागायच्या आधी एक भेट रिकाम्या हातानं द्या. पावतीबुक नको, बॅगसुद्धा नको. माणूस विरघळतो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग करून पाहिलं, आणि माणसं खरंच विरघळली.

सरोजिनीकाकूंकडे मात्र मी असलं काही करत नाही, अशी माझी समजूत होती. काकू वर्धेला लागून असलेल्या बोरगाव मेघेत एकट्या राहतात. तहसील कचेरीत लिपिक होत्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान अच्युतराव पेटी वाजवायचे, पण शेवटची दोन वर्षं त्यांना स्वतःची पेटीच ऐकू येत नव्हती. बोटं बरोबर चालायची आणि ते काकूंना विचारायचे, "वाजून राह्यली का?" हे मला काकूंनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी रस्त्यावर येऊन रडले होते. रडून झाल्यावर नोंदही लिहिली होती.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांच्याकडे जायची. त्या थोडी देणगी द्यायच्या, मी पावती फाडायची, मग चहा आणि बशीत गोरसपाक, वर्धेत मिळणारी ती तुपातली बिस्किटं. अर्ध्या तासाचा दीड तास कधी व्हायचा कळायचं नाही. माझी आई मी कॉलेजात असताना गेली, हे वर्धेत फक्त त्यांना माहीत होतं.

अशाच एका पाच तारखेला त्यांच्याकडून निघाले आणि देवळीच्या बसमध्ये उभ्यानेच नोंद लिहिली. सरांना मार्चच्या आत कान तपासायचं नवं यंत्र हवं होतं आणि कोणाकडून मोठी रक्कम येईल ते आम्हाला शोधायचं होतं. मी लिहिलं: "सरोजिनी काळबांडे, अडुसष्ट, एकट्या. मुलगी इला कॅनडात, तिचा विषय नको, चिडतात. पेटीचा विषय काढला की मऊ होतात. गोरसपाक खाल्ला की खूष. तास-दीड तास बसावं लागतं. मार्चआधी मोठी मागणी शक्य." गटाचं नाव आहे 'बोरगाव टीम'. काकूंचं नाव मी 'बोरगाव काकू' म्हणून ठेवलं होतं. बसने धक्का दिला आणि बोट सरकलं.

घरी पोचल्यावर ताराचंदचा फोन आला. "अंकिता, तुई नोंद नाई आली अजून."

मी फोन पाहिला. नोंद काकूंना गेली होती. त्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणाही आल्या होत्या. उत्तर नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला बसले आणि चार वेळा लिहून चार वेळा खोडलं, कारण प्रत्येक वाक्य सरांच्या शिकवणीतलं वाटत होतं. "तुम्ही मला आईसारख्या आहात," असं लिहिलं आणि पाहिलं तर हेच वाक्य मी रामनगरातल्या एका आजींना तीन दिवसांपूर्वी म्हटलं होतं. तेव्हा ते खोटं होतं की थोडं खरं, हेही मला सांगता येईना. शेवटी काहीच पाठवलं नाही.

पुढचे आठ दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला. सर नुसते "कशी आहेस?" म्हणाले तरी वाटायचं, तक्रार आली. ताराचंद माझ्याकडे पाहून हसला तर वाटलं, याला कळलंय. काकूंनी ते शेजारच्यांना वाचून दाखवलं असेल, अख्खी कॉलनी माझ्या नावाने सावध झाली असेल. यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

नवव्या दिवशी सरांनी बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवतच गेले. सर खुशीत होते.

"काळबांडेबाईंचा फोन होता. मोठी देणगी द्यायची म्हणतात. चेक तुझ्याच हातात देणार. काय केलंस तू?"

काय केलं ते मी सांगितलं नाही. माझा सरळ अंदाज होता की हा सापळा आहे. चेकच्या नावाखाली बोलावतील, चार माणसं बसवलेली असतील आणि माझी नोंद माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतील. तसं झालं असतं तरी मी वाचली असती.

घरात काकू एकट्याच होत्या. मला बसायला सांगितलं आणि टेबलावर एक फुलस्केप कागद ठेवला. माझी नोंद त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली होती. बाजूला समास सोडून लाल पेनाने शेरे मारले होते. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या टिपण्या तपासलेल्या बाईचे शेरे.

"काकू, मी…"

"आधी ऐक. वय अडुसष्ट नाई, सदुसष्ट." त्यांनी पेनाने ओळ दाखवली. "इलाच्या विषयावर मी चिडत नाई. मले रडू येते, म्हणून विषय बदलवते. आन् हे गोरसपाकचं कोणी सांगितलं तुले?"

"तुमी दरवेळी…"

"मले गोरसपाक आवडत नाई. पह्यल्या दिवशी तू दोन खाल्ले, तिसऱ्याकडे पाहून राह्यलती. तवापासून तुयासाठी आणून ठेवते."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, पाण्याचा पेला पुढे केला नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. मग ड्रॉवरमधून चेक काढला.

"यांची एक ठेव होती. हे गेले तवाच मी ठरवलं होतं, कानाच्या कामाले द्यायची. तू पह्यल्यांदा आली त्या दिवशीच देणार होती मी सगळी. मंग म्हटलं, एकदम देली तं पोरगी कायले येईन पुन्हा? म्हणून थोडं थोडं देत गेली. दर महिन्याले तू येत गेली." त्या थोडं हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "तू मले वाचून राह्यलती, मी तुले. तुयं लिहून निघालं एवढंच."

"काकू, मी खरंच तुमच्यासाठी येत होती."

"असन. मले नाई समजत, तुले समजते का?"

मी टेबलावरच्या लाल शेऱ्यांकडे पाहिलं.

"घे हे," त्यांनी चेक माझ्या हातात दिला. "पावती पोस्टानं पाठव. आता तुले इथं यायचं काही काम उरलं नाई. पाहू."

यंत्र आलं. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि माझं उदाहरण नव्या मुलींना सांगितलं. मी पेढा खाल्ला नाही, पर्समध्ये ठेवला आणि तिथेच त्याचा भुगा झाला.

पुढची पाच तारीख आली. न जावं तर त्यांचा संशय खरा ठरतो. जावं तर सर म्हणतील, जुन्या देणगीदाराशी संबंध ठेवतेय, शाबास. दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, बॅग ऑफिसात ठेवली, पावतीबुक कपाटात टाकलं आणि निघाले. बोरगावच्या वळणावर लक्षात आलं की मी रिकाम्या हाताने चाललेय. सर सांगतात अगदी तशी. परत जाऊन बॅग आणावी की काय, असं वाटून मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा हलले.

काकूंनी जाळीच्या दारातून आधी माझे हात पाहिले.

"बॅग कुठं हाय?"

"नाई आणली."

"हे बी तुमचे सर शिकवतेत काय?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. "हाव काकू," मी म्हटलं, "शिकवतेत. पण मी आज सुट्टी टाकून आली."

"खरं बोलायचं बी शिकवत असन," त्या म्हणाल्या. कडीवर हात ठेवून त्यांनी पुन्हा एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. मग दार उघडलं.

चहा झाला. बशीत गोरसपाक नव्हता, लसणाची शेव होती. "मले हे आवडते," त्या म्हणाल्या आणि बशी माझ्यापुढे सरकवली. मला लसणाची शेव अजिबात आवडत नाही. मी सगळी खाल्ली. त्या इलाबद्दल बोलल्या, थोडं रडल्या, आणि मी विषय बदलला नाही.

निघताना डोक्यात आपसूक नोंद झाली: काकूंना लसणाची शेव आवडते. ती नोंद मी कोणासाठी केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या पाच तारखेला जाताना पावशेर शेव घेऊन जाणार आहे.