कटरबाईंचा सल्ला

शिवणखान्यात कुणाचंही काही अडलं की ते कटरबाईंच्या टेबलापाशी यायचं. सून भांडते, पोरगा शिकत नाही, घर बदलावं का; चहाच्या सुट्टीत स्टूल ओढायचं आणि विचारायचं. बाई कापडावर खडू टेकवून बराच वेळ गप्प राहायच्या, मग दोन शब्द बोलायच्या. कापड बेतता येतं म्हणजे माणसंही बेतता येतात, असा सगळ्यांचा समज. खरं तर अलीकडे बाई गप्प असायच्या त्या झोपेनं. पण एकदा शहाणं ठरलेल्या माणसाची जांभईसुद्धा लोक कान देऊन ऐकतात, त्याला कोण काय करणार!

नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्यांना सलग झोप नव्हती. कूस बदलायला, पाणी प्यायला तो रात्रभर हाका मारायचा. बाईंचा थोरला भाऊ म्हणत होता, त्याला रुग्णांच्या सेवाकेंद्रात ठेव. नणंद म्हणत होती, जिवंतपणी टाकणार का त्याला? उद्या केंद्राला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि जगाला सल्ले देणाऱ्या बाईंना स्वतःला विचारायला माणूस नव्हतं.

शेवटी त्या बटणं लावणाऱ्या भोंग्यापाशी जाऊन बसल्या. तोंड एकदा सुरू झालं की बंद होत नाही, म्हणून तिचं हे नाव. तिला कुणी कधी काही विचारत नसे. बाईही विचारायला गेल्या नव्हत्या. तिच्याशेजारचं स्टूल रिकामं होतं, इतकंच. पण बसल्या बसल्या सगळं सांगून झालं.

भोंगा चक्क गप्प. मग म्हणाली, "आणि भाऊजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? त्यांना धड बोलता येत नाही."

"पाणी मागता येतं ना, ताई?"

बाईंना असा राग आला की त्या ताडकन उठल्या. घरी पोचेपर्यंत राग गेला होता, लाज तेवढी उरली होती.

त्यांनी नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं आणि विचारलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"नाही जायचं."

बाईंचे खांदे पडले. मनातून त्यांना दुसरं उत्तर हवं होतं, हे तेव्हा त्यांना कळलं.

तो अजून शब्द जुळवत होता. "पण तू... झोप. रात्री... हाक नाही मारणार."

"मारायची!" बाई ओरडल्याच. "हाक मारायची!" आणि त्यांना रडू फुटलं.