बागबाजारातली बर्गी

त्रेपन्न सालची गोष्ट. विनायकच्या मांजरीचं नाव होतं बर्गी. फार पूर्वी मराठी घोडेस्वार बंगाल लुटायला यायचे, त्यांना इथली माणसं बर्गी म्हणत. त्यांना अडवायचा खंदक खणला तो याच बागबाजारापासून. आणि त्याच बागबाजारात हा मराठी पठ्ठ्या भर गल्लीत हाक मारायचा, "बर्गी, ये गं!" म्हातारे दचकायचे, हा खिडकीत पोट धरून हसायचा.

घरात मासळी वर्ज्य. बायकोच्या, शकुनच्या हातचा दूधभात चाटूनपुसून बर्गी भिंत ओलांडायची आणि शेजारच्या श्यामसुंदरबाबूंच्या अंगणातले मासे हाणून यायची. बाबू चप्पल उगारून ओरडायचे, की दोनशे वर्षं झाली तरी तुमची लूट थांबेना. विनायकला त्याहून गोड गाणं ठाऊक नव्हतं.

एका रविवारी ती भिंतीवरून उतरली, दोन पावलं चालली, एकदाच ओरडली आणि आडवी झाली. धडधाकट, चार वर्षांची. खेळ खलास.

"माशाचा काटा लागला," शकुन डोळे पुसत म्हणाली. "आणखी लाडावून ठेवा."

विनायकच्या डोक्यात मात्र विष शिरलं होतं. काल बाबूंनी चप्पल नाही, काठी दाखवली होती. आणि त्यांना इतकं चिडवलं कुणी? यानंच.

सोमवारी सकाळी टोपलीत बर्गी, वर शकुनचं जुनं लुगडं, असा तो ट्रामनं गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी उघडून पाहिलं. विष नाही, काटा नाही. काळजाची भिंतच जाड झालेली, आत रक्ताला जागा उरली नव्हती. काही मांजरांचं असं होतं म्हणाले, वरून पत्ता लागत नाही. कुणाचा दोष नसतो.

मनातल्या मनात खुनी ठरवलेल्या माणसाची माफी मागायला विनायक थेट बाबूंच्या अंगणात शिरला. भिंतीशी एक वाटी होती. भातात कालवलेला मासा, काटे वेचून काढलेले.

बाबू ओशाळले. रोजच ठेवत होते म्हणे. ओरडले नसते तर विनायकबाबूंची मजा गेली असती. आज मात्र त्या लबाड मांजरीनं उशीर केला.

विनायकनं सांगितलं. बाबू वाटीकडे बघत राहिले.

"काल टेंगरा मासा होता, फार काटेरी," ते हळूच म्हणाले. "एखादा काटा राहिला असेल का हो?"

"नव्हता, बाबू. डॉक्टरांनी उघडून पाहिलंय. एकही काटा नव्हता."

आयुष्यात पहिल्यांदा विनायकचं बोलणं कुणी थट्टा न समजता ऐकलं.

पुढे कितीतरी दिवस बर्गीच्या वेळेला, अकराच्या सुमारास, बाबू चप्पल घेऊन भिंतीशी यायचे, रिकाम्या अंगणावर दोन शिव्या घालायचे. आणि खिडकीतून विनायक हसायचा, अगदी पोट धरून.